अंगणातला पिवळा संडास

लग्न होऊन आमच्या घरी आल्यापासून वहिनीनं माझ्याकडं एकदाच काही मागितलं. संडास बांधायचं ठरलं तेव्हा ती दारामागून म्हणाली, "भाऊजी, मांगं परसात नाही होऊ शकत का?"

"मांगं कोण पाह्यते, वहिनी?" मी हसून म्हणालो.

"हौ," म्हणाली आणि चुलीपाशी गेली.

तेव्हा मी कॉलेज अर्धवट सोडून बालाघाटच्या एका संस्थेच्या युवा टोलीत शिरलो होतो. संस्थेचं काम स्वच्छतेचं. आम्हाला टी-शर्ट, टोपी आणि गळ्यात अडकवायची शिट्टी मिळाली होती. किरनापूरच्या आसपासच्या गावांत भल्या पहाटे जायचं, उघड्यावर बसायला निघालेला माणूस दिसला की शिट्टी फुंकायची, आणि सापडलाच तर त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घालून टाळ्या वाजवायच्या. शिवी नाही, दंड नाही, फक्त हार. लाजेनं माणूस सुधारतो, असं शिबिरात शिकवलं होतं. ज्या म्हाताऱ्यांनी मला कधी धड ओळख दाखवली नव्हती ते आता मला पाहून रस्ता बदलायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. घरात ज्याचं कुणी ऐकत नाही त्याच्या हाती शिट्टी आली की अंगावर मूठभर मांस चढतंच.

सुरुवात आपल्या घरापासून करायची म्हणून आधी आमच्याकडं संडास. संस्थेचे सर येऊन जागा बघून गेले. फोटोत घर आणि संडास दोन्ही यायला हवेत, आणि रस्त्यावरून दिसला तर चार लोक शिकतील, असं त्यांचं म्हणणं. परसात तणसाचा ढीग आणि गुरांचा कोठा, तिथं फोटो काय निघणार? पुढच्या अंगणात खुंटी मीच ठोकली. ओसरीच्या बरोबर समोर, दहा पावलांवर. भिंतींना पिवळा रंग दिला आणि दारावर घोषणा लिहिली, तीही मीच.

ओसरीवर बाबा असतात. गुडघे गेल्यापासून दिवसा त्यांची खुर्ची तिथं आणि रात्री खाटही तिथंच. आई वारलेली. मोठा भाऊ नागपूरला कंपनीत, महिन्यातून एकदा येणार. म्हणजे घरात बाई ती एकटीच. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी बाई हातात बादली घेऊन त्यांच्या डोळ्यांदेखत त्या पिवळ्या दारात शिरेल कशी, हे मला सुचलं नाही. गावोगाव बायकांच्या अब्रूवर भाषणं ठोकणारा मी! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हेच.

नंतर दिसायला लागलं. ती पाणी पीत नव्हती. आम्हा दोघांचा चहा गाळायची, स्वतःला घ्यायची नाही. एकदा ओटीपोट धरून बसलेली दिसली.

"काहून, वहिनी?"

"काही नाही, भाऊजी. पित्त झालं."

मी किरनापूरहून गोळी आणून दिली. गोळीबरोबर तिनं दोन घोट पाणी घेतलं, तेवढंच. मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं म्हणजे थोडं कळलंही होतं. पण संडास पाडून मागं न्यायचा तर सरांना काय सांगणार? आमच्या घराचा फोटो ऑफिसच्या भिंतीवर लागला होता.

धान कापून झाल्यानंतरची गोष्ट. त्या पहाटे सर स्वतः आले होते. आम्ही सहा जण तळ्याच्या पारीआड, मातीच्या उंच बांधामागं, थांबलो. चांगलं उजाडायला लागलं तेव्हा शेताच्या धुऱ्यावरून, दोन बांध्यांमधल्या वाटेनं, एक बाई येताना दिसली. हातात डबा, अंगावर चॉकलेटी शाल. ती शाल भावानं नागपूरहून आणली होती. मी ओळखलं. तिनं मान वर करायच्या आधीच ओळखलं. शिट्टी तोंडातच होती. बाजूला सर, मागं पोरं, आणि त्यातल्या दोघांच्या बापांना मी मागच्याच महिन्यात हार घातले होते. घरच्यांना सोडतो असं उद्या गाव म्हणेल, हा विचार आला आणि त्यालाच मी तत्त्व समजलो.

मी शिट्टी वाजवली.

एका पोरानं धावत जाऊन हार घातला. टाळ्या सुरू झाल्या, मग एकेकाच्या लक्षात आलं आणि एकेकाचे हात थांबले. सरांना काही माहीत नव्हतं. त्यांनी फोटो काढला आणि म्हणाले, "बहुत बढ़िया." ही माझी वहिनी आहे, एवढे चार शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. तिनं हार स्वतःच काढला, सावकाश धुऱ्यावर ठेवला आणि घरी गेली. दुपारी मला जेवायलाही तिनंच वाढलं. तोवर फोटो टोलीच्या ग्रुपवरून गावातल्या निम्म्या मोबाईलवर पोचला होता.

शनिवारी भाऊ आला. माहेरची आठवण येते, एवढंच तिनं त्याला सांगितलं आणि त्याच्यासोबत निघून गेली.

मी टोली सोडली. सब्बल घेऊन संडास पाडला आणि परसात खड्डा खणायला घेतला.

"चांगला होता ना, काहून पाडून राह्यला?" बाबांनी विचारलं. मी विटा उचलून मागं न्यायला लागलो. मी शिजवलेला कच्चा भात गिळत ते रोज सून कधी येते म्हणून विचारायचे.

काम पुरं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी निघालो. वारासिवनीला बस बदलून खैरलांजीकडच्या तिच्या माहेरी पोचलो तेव्हा ती अंगणात तांदूळ पाखडत होती.

"वहिनी, संडास मांगं नेला," मी म्हणालो. "आता चला घरी."

"हौ का." तिनं सूप खाली ठेवलं. "एक विचारू, भाऊजी? त्या दिवशी तुमी मले ओळखलं होतं का?"

अख्ख्या रस्त्यात मी खरं बोलायचं ठरवत आलो होतो.

"नाही, वहिनी. अंधार होता."

तिनं सूप पुन्हा उचललं. रडली नाही, चिडलीही नाही.

"मंग फोटोत माहं तोंड एवढं साफ कसं आलं?"

मी एकटाच परत आलो. पुढं भावानं नागपूरला खोली केली आणि ती तिकडं राहायला गेली. आमच्या घरी ती आजवर आलेली नाही.