एरंडेल दिलेली जॅकेटं

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. भडगावच्या शाळेतल्या गुरुजींनी मला जळगावला पाठवायचा आग्रह धरला नसता, तर मीही वडिलांसारखा गिरणेच्या काठी वांगी लावत बसलो असतो. रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळाली आणि ऐंशीच्या दशकात तापीकाठच्या एका जलमापन केंद्रावर सरकारी नोकरी लागली. गुरुजींना पेढे नेऊन दिले तेव्हा ते म्हणाले होते, "शिकलेलं कुठंतरी उपयोगी पडेल बघ." ते वाक्य मी जपून ठेवलं होतं.

केंद्र धुळे जिल्ह्याच्या हद्दीत होतं. नदीवर या तीरापासून त्या तीरापर्यंत तारेचा दोर बांधलेला होता. पुराच्या दिवसांत त्याला नाव अडकवून मध्यापर्यंत जायचं आणि पाण्याचा वेग मोजायचा, हे काम. नावेवर आम्ही तिघं असायचो. मी, एक तरुण खलाशी आणि केंद्रावरचे सर्वांत जुने खलाशी नाना. नाना नावेच्या टोकाला उभे राहत. वाहून येणारी झाडं बांबूने बाजूला सारायची जबाबदारी त्यांची होती. त्यांच्या अंगावर नारिंगी जॅकेट असे. एरवी ते चपटं असायचं. नळीतून तोंडाने फुंकलं की फुगायचं, किंवा दोरी ओढली की आत बसवलेल्या नळकांड्यातला गॅस एकदम भरायचा. अशी चार जॅकेटं केंद्रावर होती, कुठल्यातरी मोठ्या प्रकल्पातून उरलेली.

मी रुजू झालो तो उन्हाळा होता. जॅकेटं पाहून मला आनंदच झाला. इतकी जुनी असूनही ती चकचकीत होती. धुळ्याहून तपासणीला येणारे साहेब दरवर्षी हात फिरवून म्हणत, "वा नाना, नवी दिसतात!" आणि 'सुस्थितीत' असा शेरा मारून जात.

मी मात्र ती फुगवून रात्रभर खोलीत टांगली. सकाळी चारही जॅकेटं वाळत घातलेल्या बनियनसारखी लोंबत होती. साबणाचं पाणी लावलं तर एका जागी नाही, सगळ्या घड्यांवरून बारीक बुडबुडे येऊ लागले. बोट दाबलं तर त्याचा ठसा उमटला. रबर चिकट झालं होतं आणि त्याला वास येत होता.

"नाना, याला काय लावता?"

"एरंडेल," नाना अभिमानाने म्हणाले. "मन्हा बाप मोटले लावे ना, तसंच. चामडं काय नि रबर काय, तेल दिधं का मऊ पडस."

नानांच्या वडिलांच्या मळ्यात विहिरीचं पाणी चामड्याच्या मोटेने निघायचं. मोट सुकून तडकू नये म्हणून तिला तेल पाजत. नानांनी तीच माया या जॅकेटांना लावली होती. खंडेनवमीला ती वल्ह्यांशेजारी मांडून हळदकुंकू वाहायचं आणि तेलाचा हात फिरवायचा, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

तेलात रबर फुगतं आणि त्याचा जीव जातो, हे मी कॉलेजात शिकलो होतो. शिकलेलं उपयोगी पडायची ही पहिलीच वेळ, आणि उपयोग एवढाच की नानांना ते सांगायचं. मी सांगितलं. त्यांनी रबरावर उमटलेला बोटाचा ठसा अंगठ्याने चोळून पाहिला.

"म्हणजे हाई मन्हंच काम शे?"

मी म्हणालो, "जुनीच होती नाना, केव्हातरी जाणारच होती." त्यांना ते पटलं नाही.

नळकांड्यांत गॅस उरलाय का हे वजनावरून कळतं. भरलेलं असताना किती भरावं ते त्यावरच कोरलेलं असतं. आमच्याकडे बारीक तराजू नव्हता, म्हणून बाजारच्या दिवशी नाना आणि मी ती सोनाराकडे घेऊन गेलो. सोनार हसला. "सोनं सोडीसन आते वारा तोलाले लयनात का?" एकच नळकांडं पूर्ण वजनाचं निघालं. ते नानांच्या जॅकेटाला बसवायचं ठरलं, कारण टोकाला तेच उभे राहणार.

मग मी एक जॅकेट घेऊन एसटीने धुळ्याला गेलो. भांडारपालाने ते उलटसुलट करून पाहिलं.

"फुटलंय कुठं?"

"फुटलेलं नाही. पण हवा धरत नाही."

"चांगलं चकचकीत आहे की. साहेबांचा शेरा 'सुस्थितीत' आहे. फाटल्याशिवाय निकामी धरता येत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "ब्लेड मारून आणा ना. चारही. पुढच्या वर्षी नवी येतील."

परत येऊन मी हे सांगितलं. तरुण खलाशाने लगेच खिशातून ब्लेड काढलं. नानांनी त्याचा हात धरला. "पूजानी वस्तू शे. तिले पातं लावानं नही." आणि फाडली तरी त्या पावसाळ्यात नवी येणार नव्हतीच. ब्लेड खिशात परत गेलं.

पाऊस लागला. आम्ही काठावर जॅकेटं फुंकून फुगवायचो आणि मध्यावर पोचेपर्यंत ती सैल पडायची. तिथे पुन्हा नळ्या तोंडात धरायच्या. नाना हसून म्हणायचे, "आते यामा बठ्ठा मन्हाच वारा शे." सगळा वारा आपलाच, असं म्हणतानाही त्यांना दम लागलेला दिसायचा.

भादव्यातल्या पुरात बाभळीचं एक अख्खं झाड पाण्याखालून आलं. ते नानांना दिसलंच नाही. नाव एका अंगाला कलली आणि नाना पाण्यात गेले. वर आले तेव्हा त्यांनी दोरी ओढली. आम्ही दोघांनी पाहिलं, जॅकेट फुगलं आणि त्याच क्षणी घडीवरून उसवल्यासारखं फाटलं. फुंकर सोसणारं रबर एकदम आलेला गॅस सोसू शकलं नाही. नाना पुन्हा दिसले नाहीत. सापडले ते फार खाली, दुसऱ्या गावच्या हद्दीत, अंगात नारिंगी चिंध्यांसह.

त्या चिंध्या भांडारात जमा झाल्या. त्या फाटलेल्या होत्या, त्यामुळे हरकत निघाली नाही आणि बदली जॅकेट आलं. एकाच्या बदल्यात एक. बाकीची तीन फाटलेली नव्हती.

खंडेनवमीला तरुण खलाशाने चारही जॅकेटं ओळीने मांडली. नानांच्या कोनाड्यातली एरंडेलाची बाटली आणून ठेवली. मी नकारार्थी मान हलवली. त्याने बाटली बाजूला सरकवली आणि नव्या जॅकेटावर हात ठेवून बसला.

"मंग याले काय लावू, भाऊ?"

सावलीत ठेव, घडी बदलत जा, तेल लावू नकोस, असं मी त्याला सांगितलं. तो उरलेल्या तीन जुन्या जॅकेटांकडे बघत होता. नानांच्या जागी अजून कोणी आलं नव्हतं, आणि नवं जॅकेट एकच होतं. जुन्यांतलं एक उद्या त्याच्या अंगात असणार होतं की माझ्या, एवढंच काय ते ठरायचं होतं.