वाडीतला धूर

मी वाडी सोडली त्या सकाळी आई पाटोद्याच्या जीपपर्यंत आली नाही. चुलीपुढूनच म्हणाली, "जा बाबा. भाकर तव्यावर हाय, करपंल." तेव्हा मला राग आला होता. आज वाटतं, उठली असती तर रडली असती.

तुम्ही सगळे वाडीकर माझ्याआधी बाहेर पडलात. डोंगरावरची आपली चाळीस उंबऱ्यांची वाडी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परतायची. पुढं कुणी कारखान्याच्या गावीच राहिलं, कुणी माझ्यासारखं चाकणला आलं. शाळेला कुलूप लागलं. शेवटी दोघीच उरल्या, माझी आई आणि ओढ्यापलीकडच्या माळावर मेंढरं राखणारी सखूमावशी.

आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी उठलं की समोरच्या घरातून धूर निघाला का ते बघायचं. नसला निघाला तर जाऊन कडी वाजवायची. त्या दोघींनी ती रीत मोडली नव्हती.

आईला एकदा चाकणला आणलं. महिनाभरात कंटाळली. "लई चांगलं हाय रं, पर समदे दारं लावून बसत्यात," म्हणाली आणि परत गेली. चुलीपुढं तिचे डोळे सारखे गळायचे, खोकला थांबायचा नाही. म्हणून मी शहाण्यानं गॅस नेऊन दिला. जुनी चूल माझ्या हातानं फोडली. मोठा पराक्रम केल्यासारखा फोटो काढून आपल्या वाडीच्या ग्रुपवर टाकला, आणि तुम्ही सगळ्यांनी अंगठे पाठवलेत.

त्याच हिवाळ्यात आई मोरीत घसरून पडली. घरात रेंज नाही, आमचा फोन फक्त रविवारी, ती टेकडीवर चढली की. मला पत्ताच नव्हता. तिसऱ्या दिवशी सखूमावशी मीठ मागायला आली, तेव्हा तिला आई दिसली. श्वास चालू होता. दवाखान्यात पोचेपर्यंत तोही थांबला.

दहाव्याला मावशी माझ्याजवळ येऊन बसली. "आदी धूर दिसला न्हाई की मी लगी यायची. गॅस आल्यापसनं म्हणलं, आता कशाचा धूर दिसतोय. सुखात आसंल."

तिनं मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. चाकणला चल म्हटलं, तर मेंढरांकडं बघत राहिली.

इथं लोक विचारतात, गावाकडं कोण असतं? मी सांगतो, मावशी असते. ती आज उठली का, ते मात्र मला माहीत नसतं.