एकोणपन्नास किलोचा पाहुणा

नोव्हेंबर २०१७, शुक्रवार संध्याकाळ. ठिकाण ब्रॅम्पटन, आमचं स्वयंपाकघर. हजर: मी, आमचे हे, बेसमेंटमधला भाडेकरू, फिलिपिन्सचा, दिवसा वेअरहाऊसमध्ये आणि संध्याकाळी बॉक्सिंग क्लबात, आणि ओटावाहून आलेला एक बॉक्सर, आमचा रात्रीचा पाहुणा. गैरहजर: पाहुण्याचा कोच. तो एटोबिकोच्या हॉटेलात उतरला होता. स्वयंपाक खरं तर त्याच्यासाठी होता.

क्लबाची कागदपत्रं मी सांभाळायची. स्पर्धेला येणाऱ्या बाहेरगावच्या खेळाडूंना सभासदांच्या घरी उतरवायची पद्धत होती. कोण कुणाकडे हे मीच ठरवायची, आणि ओटावाचा मुलगा मी मुद्दाम माझ्या घरी घेतला. वाढणार त्याला होते, सूड कोचवर होता.

त्याच वर्षी वसंतात आम्ही ओटावाला गेलो होतो. कोचच्या क्लबाचाच वजनकाटा. घरी बरोबर एकोणपन्नास भरलेला आमचा पोरगा, म्हणजे हा भाडेकरू, तिथे दोनशे ग्रॅम जास्त निघाला. तो धावला, थुंकला, केस कापून आला. काटा हलेना. मी समोरच्या दुकानातून साखरेची दोन किलोची बंद पिशवी आणून काट्यावर ठेवली. ती दोन किलो दोनशे भरली. कोचने पिशवी उचलून माझ्या हातात दिली.

"थँक यू, ग्रोसरी लेडी. आणि याला सांगा, लहान मुलांच्या गटात जा."

सगळे हसले. न लढता त्यांचा मुलगा, हाच आजचा पाहुणा, जिंकला. परतीच्या गाडीत आमचा पोरगा खिडकीकडे तोंड करून बसला होता. त्याच्या देशाचा पहिला जगज्जेता फ्लायवेट होता. त्याच्या गावात अशा हलक्या वजनाच्या चँपियनांची फ्लेक्स लागतात आणि बाया त्यांच्या नावाने पोरांना जेवायला बसवतात. इथे मात्र शिफ्टवर त्याला कुणी खोकीही उचलू देत नसे.

म्हणून त्या शुक्रवारी मी विचारपूर्वक रांधलं. नागपूरकडचा गोळाभात, वर हिंगाचं कडकडीत तेल. तळलेले पापड, खारवलेल्या मिरच्या, लोणचं, मीठ घातलेलं ताक. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं हे मला ठाऊक होतं, आणि वजन सकाळी सातला होतं.

"अगं, त्या पोराने काय केलंय तुझं?" हे म्हणाले.

"त्याने नाही. त्याच्या गुरूने."

"मग गुरूला वाढ की."

"गुरूला उद्या सकाळी पोचेल."

पाहुण्याचे ओठ सुकलेले, गालफडं वर आलेली. "वास फार छान येतोय, पण नको," तो म्हणाला. मी म्हटलं, थोडासा. तो नको म्हणाला. मी म्हटलं, घासभर, माझ्यासाठी. आपल्याकडे तीनदा नाही म्हटल्यावरच खरं जेवण सुरू होतं. त्या बिचाऱ्याला कुणी दुसऱ्यांदासुद्धा विचारलं नसावं. त्याने चमचा उचलला.

तेवढ्यात बेसमेंटचा जिना वाजला. भाडेकरू वर आला, ताट पाहिलं, उचललं आणि आमच्या ह्यांच्यापुढे ठेवलं. ह्यांनी तक्रार केली नाही. मग त्याने मला सिंकपाशी नेलं.

"आते, हे काय चाललंय?" त्यांच्यात मोठ्या बहिणीला आते म्हणतात.

"तुझ्यासाठीच करतेय. उद्या हा जास्त भरला की तू जिंकलास."

"कुणाला हरवून?"

मी सिंकमधलं पातेलं घासायला घेतलं.

"माझ्या गावात एकोणपन्नास किलोचे गल्लीगल्लीत आहेत. इथे या गटात आम्ही दोघंच. हा गेला तर मी कुणाशी लढू? फ्रीजशी? मला वॉकओव्हर नको, आते. मला हा माणूस उभा हवाय. याचं तोंड माझ्यासमोर हवंय."

इतक्या शांतपणे बोलला की माझा राग मलाच पोरकट वाटला. त्याचा राग माझ्यापेक्षा पक्का होता.

मी मिरच्या झाकल्या. ते दोघं सोफ्यावर बसून बर्फाचे तुकडे चघळत फोनवर कुठल्याशा चिमुकल्या चँपियनची लढत बघत राहिले. "बघ हं, इथे पोटात," आमचा म्हणाला. "उद्या तुला असाच देणार." पाहुणा म्हणाला, "मग आज कशाला दाखवतोस?" दोघंही हसले. मला ते हसणं आवडलं नाही.

सकाळी दोघंही वजनात बसले. काटा आमच्या क्लबाचा, मी आदल्या दिवशी तपासून घेतलेला. वजन झाल्याबरोबर मी पाहुण्याला दहीभात दिला, पोटभर. उपाशी माणसाला हरवलं असं कुणाला म्हणता येऊ नये.

दुपारी आमच्या पोराने त्याला पहिल्या फेरीत नुसतं फिरवलं. दुसऱ्या फेरीत पोटात तोच ठोसा बसला, पाहुणा एका गुडघ्यावर आला आणि रेफरीने आकडे मोजले. मला दया आली नाही. मी पाहुण्याकडे बघतच नव्हते, मी त्याच्या कोपऱ्यात बघत होते. कोचचं तोंड आंबट झालं होतं आणि तिसऱ्या फेरीत ते आणखी आंबट झालं. पंचांनी आमच्या पोराचा हात वर केला.

लढत संपली की बॉक्सरने समोरच्या कोपऱ्यात जाऊन तिथल्या कोचचा हात हातात घ्यायचा, असा रिवाज आहे. आमचा गेला. ग्लोव्ह पुढे धरला. कोचने पाठ फिरवली आणि टॉवेलची घडी घालायला घेतली. घडी झाली, मोडली, पुन्हा घातली. पोरगा ग्लोव्ह धरून उभा. शेवटी पाहुण्यानेच, सुजल्या तोंडाने, त्याला मिठी मारली.

गाडीत पोरगा म्हणाला, "झालं, आते. जिंकलो." त्याचं झालं असेल.

कोचने पुढच्या स्पर्धेला असिस्टंट पाठवला, त्याच्या पुढच्याही. मी फोन केला की तो मीटिंगमध्ये असतो. हॉलचं बुकिंग झालं, नवे ग्लोव्ह आले, पोराचे पीआरचे, इथे कायम राहण्याचे, कागदही गेले. कोचचा तो हात तेवढा, सगळ्यांसमोर, पोराच्या हातात आणून द्यायचा राहिलाय.