धागाधारीचा उजवा हात

आमच्या मजल्यावर त्याला सगळे कटकटराव म्हणतात. तोंडावर नाही हं, जिन्यात. आणि यात दोष त्या माणसाचा नाही, भिंतीचा आहे. त्याची बैठकीची खोली आणि माझं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत, आणि ती बांधणाऱ्याने सिमेंटपेक्षा विश्वासावर जास्त भर दिलेला. रोज संध्याकाळी तो कामावरून आला, चहा झाला, की पलीकडून सुरू: कट्, कट्, कर्र, कटाक्!

आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "रणगाडा झाला वाटतं."

"रणगाडा कसला? विमान आहे. रणगाड्याला शेवटी दोनदा कर्र होतं." इतक्या वर्षांत मलाही कान आले होते.

दिवसा हा गृहस्थ चष्म्याच्या दुकानात फ्रेमा बसवतो. मुंगीच्या डोळ्याएवढे स्क्रू, आणि ते फिरवताना श्वास रोखून धरणारा हा. संध्याकाळी मात्र खेळणी. पोरांसाठी नव्हे, स्वतःसाठी. गाडीचा होणारा यंत्रमानव, यंत्रमानवाचं होणारं विमान, वीतभर उंचीचे सांधेवाले योद्धे. खोकं उघडायचं, बाहुल्याला टेबलावर उभं करायचं आणि कॅमेऱ्यासमोर त्याची अशी झडती घ्यायची की स्थळ बघायला आलेल्या आत्याबाईंनी शिकून जावं. कोपर पूर्ण वाकतं का? एका पायावर उभा राहतो का? भुवईचा रंग कपाळावर ओघळलाय का? मग निकाल: घ्या, किंवा घेऊ नका. आणि जगात इतकी माणसं हे बघतात! त्याची बायको मला म्हणायची, "ताई, माझ्या सवती बऱ्या आहेत. घडी घालून कपाटात ठेवता येतात."

कटकटरावाचे दोन अभिमान होते. एक, नवं खेळणं तो पहिल्यांदा उलगडायचा तो सोबतचा माहितीचा कागद न बघता. कागद बाजूला फेकायचा आणि म्हणायचा, "हाताला कळतं." दुसरा, प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं: "जोर लावावा लागला, तर थांबा. चूक तुमच्या हाताची आहे, खेळण्याची नाही." हे वाक्य मी भिंतीतून इतक्या वेळा ऐकलंय की लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडतानाही मला ते ऐकू येतं.

तर एके दिवशी भिंत गप्प झाली.

कट् नाही, कर्र नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. आणि कटकटराव परोपकार करत सुटला. माझ्या दाराची कडी कितीतरी वर्षं लोंबत होती, ती न सांगता बसवून दिली. तळमजल्यावरच्या आजोबांचा चष्मा घरी नेऊन नवा करून आणला. जिन्यातल्या दिव्याची टोपी, वरच्या मजल्यावरच्या बाईंची छत्री, कुणाची बॅग, कुणाची चेन. लोक म्हणाले, काय देवमाणूस! मी असा फुकट राबणारा पुरुष दिसला, की आधी त्याच्या बायकोच्या चेहऱ्याकडे बघते. तो चेहरा उतरलेला होता.

त्यात हा दर रविवारी सकाळी भांग पाडून, खांद्याला पिशवी लावून कुठेतरी जायला लागला. मी शेवटी तिला जिन्यात गाठलं.

"काय गं, कुठे जातात हे?"

"सांगत नाहीत. विचारलं की म्हणतात, येतो जरा जाऊन."

"एखादी बाई वगैरे..."

"असती तर बरं झालं असतं ताई," ती म्हणाली. "भांडून मोकळी झाले असते. हे जेवताना अर्ध्यातच घास हातात धरून बसतात. काहीतरी खातंय त्यांना आतून."

आता इतकं ऐकल्यावर कुठली शेजारीण घरी बसेल? पुढच्या रविवारी मी भाजीची पिशवी उचलली आणि याच्या मागे निघाले. दोन चौक, एक पूल, मग कारखान्यांची गल्ली. टायरवाला, काचा कापणारा, वेल्डिंगवाला. रविवार म्हणून निम्मी शटरं खाली. एका निळ्या, अर्ध्या उघड्या शटरसमोर, रस्त्याच्या पलीकडे हा जाऊन उभा राहिला. आतून कुठल्याशा यंत्राचा आवाज येत होता, फुस्स, ठक, फुस्स, ठक. थोड्या वेळाने आतून एक बाई वाकून बाहेर आली, प्लॅस्टिकच्या कातरणाची बादली पिंपात ओतली आणि कंबर सरळ करत उभी राहिली. तशी हा चटकन विजेच्या खांबामागे गेला. खांब बोटभर, हा पिंपाएवढा.

इतका भित्रा प्रियकर मी जन्मात पाहिला नव्हता. ती आत गेल्यावर मी मागून जाऊन खांद्यावर बोट टोचलं.

"काय भाऊजी, आत बोलवत नाही वाटतं?"

दुसरा कुणी दचकला असता, चिडला असता. हा नुसता खाली बसला, बंद टायरवाल्याच्या पायरीवर. पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाला, "वहिनी, मी त्या बाईचं वाटोळं केलंय."

माझी जीभ एरवी कातरीसारखी चालते. तेव्हा मात्र मी पिशवी टेकवून त्याच्या शेजारी बसले.

मग सगळं बाहेर आलं. ती बाई साचेवाली. बाटल्यांची झाकणं, केसांचे चिमटे असला माल काढते. पण तिच्या मनात एक खेळणं होतं, आणि जमवाजमव करून तिने त्याचा साचा बनवला. धागाधारी. शिलाई मशिनीचा होणारा यंत्रमानव! मशिनीचं चाक त्याची ढाल, मशिनीची मान त्याचा उजवा हात, आणि हाताच्या टोकाला सुई. पोटात एक इवलासा खण, रिळं ठेवायचा. मला ऐकूनच हवासा वाटला. तिने पहिल्या मालातला एक याच्याकडे पाठवला होता.

"आणि मी कागद फेकला," तो म्हणाला. "खटाखट उलगडत गेलो. उजवा हात अडला. जोर लावावा लागत होता वहिनी, मला कळत होतं. पण कॅमेरा चालू होता, आणि ओघात होतो. लावला."

"आणि?"

"मोडला. खांद्यातून. आणि मी तो तुटका हात कॅमेऱ्यासमोर धरून म्हणालो, खांदा कच्चा आहे, घेऊ नका."

तेवढा तुकडाच लोकांनी उचलला. तो मोडल्याचा आवाज, आणि याचं "घेऊ नका". हसत हसत एकमेकांना पाठवला. दुकानदारांनी साचेवालीची खोकी परत केली.

"अहो, पण चुकून..."

"चुकून मोडला. पुढचं चुकून नाही." तो पिशवीच्या बंदाशी खेळत होता. "मग मी तो चिकटवायला बसलो. चिमटा लावताना पोटातला खण बाहेर सरकला. मी तो शोभेचा समजत होतो. खण ओढला की आतली खुंटी सुटते आणि हात आपोआप वर येतो. लोण्यात बोट जावं तसा. आवाजसुद्धा होत नाही."

"मग तेव्हाच सांगायचं ना सगळ्यांना!"

"सांगणारच होतो. आधी म्हटलं, थोडं थंड होऊ दे. मग म्हटलं, लोक विसरतील. दुकानात गिऱ्हाइकाच्या चष्म्याची दांडी माझ्या हातून मोडली तर मी तिथल्या तिथे सांगतो, माझी चूक, नवी बसवून देतो. गिऱ्हाइकाची फ्रेम कच्ची होती, असं कधी म्हटलं नाही. इथे म्हटलं. समोर गिऱ्हाईक नव्हतं ना, बाहुला होता." मग हळूच, "तिने मोबाइलवर सगळ्यांसाठी लिहिलंय, हा माल खपला नाही तर साचा मोडून दुसरं काहीतरी करावं लागेल. म्हणून येतो, खोक्यावरचा पत्ता बघून. पण आत पाय उचलत नाही."

"म्हणजे गेले इतके रविवार तुम्ही इथे पहारा देताय? साचा पळून जाईल म्हणून?" मी त्याच्या दंडाला धरून उठवलं. "चला. मी आहे. मारायला लागली तर मी आधी पळेन, म्हणजे तुम्हाला वाट कळेल."

शटरखालून वाकून आत गेलो. खोलीभर तापल्या प्लॅस्टिकचा वास. एका बाजूला ते यंत्र, शेजारी झाकणांची रास. साचेवालीने केसात पेन्सिल खोचलेली, मनगटावर भाजल्याचे डाग. तिने आधी माझ्याकडे पाहिलं.

"झाकणं हवीत?"

"नाही हो, हे..." मी वळले तर हा माझ्या मागे लपलेला.

"मी एक सांगायला आलोय," तो म्हणाला.

तिचे हात थांबले. "आवाज ओळखला. जोर लावावा लागला तर थांबा. तुम्हीच ना ते?"

कुणी थोबाडीत मारली असती तरी परवडलं असतं. त्याने पिशवीतून चष्मा पुसायच्या मऊ फडक्यात गुंडाळलेला धागाधारी काढला आणि टेबलावर ठेवला. एका हाताचा. मग खण, खुंटी, जोर, सगळं सांगितलं, खाली बघत. ती ऐकत राहिली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "त्याच दिवशी दिसलं. व्हिडिओत खण बंद आहे."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" हे मी विचारलं. न विचारून कसं चालेल?

"आपल्या ताकाला कोण आंबट म्हणतं? लोक म्हणाले असते, आली बघा मालाची बाजू घ्यायला." मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "मी वाट बघितली. म्हटलं, हात जाणता आहे या माणसाचा. कधीतरी जोडायला बसेल तेव्हा कळेल त्याला. कळलं की सांगेल."

फुस्स, ठक. यंत्र आपलं चालूच.

"कधी कळलं तुम्हाला?" तिने विचारलं.

मी त्याच्या पाठीला चिमटा काढला. काल म्हण, मेल्या, परवा म्हण! कोण तपासायला येणार होतं?

"लगेच," तो म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी."

तिने मान हलवली, जशी आपण वजनकाट्यावरचा आकडा बघून हलवतो. मग यंत्राच्या जबड्याकडे बोट दाखवलं. "तो बघा धागाधारीचा साचा. याच सोमवारी नव्याने कोरून घेतला. आता तेलाच्या बाटलीची झाकणं निघतात त्यातून."

याच सोमवारी. म्हणजे त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, हा रस्त्यापलीकडे खांबामागे उभा होता. पिशवी खांद्याला, धागाधारी पिशवीत. मधे एक रस्ता, तोही अरुंद. त्याचा चेहराच सांगत होता की हिशोब त्याचाही झालाय.

तो "मला क्षमा..." असं काहीतरी म्हणायला लागला.

"ते राहू द्या," ती म्हणाली. ओरडली नाही, रडली नाही. ओरडली असती तर बिचारा सुटला असता. "क्षमेचं मी काय करू? साच्यात घालून काढू? तुम्ही एवढं करा. लोकांसमोर खण उघडून दाखवा. धागाधारी कच्चा नव्हता, एवढं कळू दे."

"खोकी आहेत अजून?" त्याने आशेने विचारलं.

"दळून वितळवली सगळी." तिने बोटाने झाकणांची रास दाखवली. "त्यातच आहेत."

मग फळीवरून एक धागाधारी काढला. धड, दोन्ही हातांचा, तिने स्वतःसाठी ठेवलेला. "हा परत आणून द्यायचा." आणि टेबलाच्या खणातून एक सुटा उजवा हात काढून त्याच्या तळव्यावर ठेवला. "हा तुमच्या त्याला. शिल्लक होता."

त्याच संध्याकाळी व्हिडिओ झाला. स्टँड असतानाही मोबाइल मी धरला, कारण त्याला समोर कुणीतरी हवं होतं. मी आयुष्यात इतका वेळ गप्प बसले नव्हते. आमचे हे मधून मधून येऊन मी श्वास घेतेय ना ते बघून गेले. कटकटरावाने आधी कागद वाचला, मोठ्याने, शेवटपर्यंत. मग खण ओढला. हात वर आला, सुई चमकली, आणि खरंच, आवाजसुद्धा झाला नाही. मग तो तुटका शेजारी ठेवून म्हणाला, "हा मी मोडला. मला दुसऱ्या दिवशी कळलं होतं. मी सांगितलं नाही." त्याची बायको दारात उभी होती. तिने तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. आणि आत जाऊन चहा टाकला.

वरातीमागून घोडं, पण घोडं निघालं तरी. काहींनी त्याची यथेच्छ टर उडवली. ती त्याने गोड मानून घेतली. धड धागाधारी त्याने परत नेऊन दिला. साचेवालीने खण एकदा उघडून मिटून बघितला आणि फळीवर ठेवला. बसा म्हणाली नाही.

आता भिंतीतून पुन्हा आवाज येतात. आधी कागदाची सळसळ, मग कट्. मग बराच वेळ काहीच नाही, मग पुढचं कट्. त्याच्या कपाटात मधल्या फळीवर एका हाताचा धागाधारी उभा आहे आणि तो सुटा हात त्याच्या पायाशी पडलाय. मी एकदा म्हटलं, "बसवा की हो भाऊजी, तुम्हाला काय जड आहे?"

"बसेल की," तो म्हणाला. "सहज बसेल." आणि कपाट लावून घेतलं.

पण खरा त्रास वेगळाच झाला. व्हिडिओ बघून लोकांना तो शिलाई मशिनीचा बाहुला भलताच आवडला. अजूनही विचारत असतात. कुणाला मुलीसाठी हवा असतो, कुणाला शिवणकाम करणाऱ्या आईसाठी. प्रश्न एकच: कुठे मिळेल?

परवा मी वाटी परत द्यायला गेले, तर हा मोबाइलवर एका बोटाने टिपत बसलेला. बायको म्हणाली, "बघा ना ताई, सगळ्यांना तेच उत्तर. एकदा लिहा आणि तेच चिकटवत जा म्हटलं, तर ऐकत नाहीत."

मी मान वाकडी करून वाचलं. आता ती सवयच आहे. लिहिलं होतं: "आता मिळत नाही. खेळणं चांगलं होतं, चूक माझी होती."

पाठवलं. खालचा प्रश्न उघडला, आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून टिपायला लागला.