खोली नंबर अकराची कमेंट

परवा माझ्या हातून एका धडधाकट बाईंचा ऑनलाइन मृत्यू झाला. खोटं नाही सांगत...

झालं असं, की ठाण्यातलं एक छोटं संग्रहालय त्यांच्या पेजवर आपल्या भागातले जुने फोटो टाकतं. खाली लिहितात, ‘ओळखता का? नाव सांगा, आठवण सांगा.’ परवाच्या फोटोत डोंबिवलीतल्या एका बिल्डिंगचा जिना, आणि दोन्ही खांद्यांना कापडी पिशव्या अडकवून चढणारी एक बाई. खाली काय, तर ‘अज्ञात महिला’!

मी किंचाळलेच. अहो, अज्ञात कसल्या... या आमच्या कुमुदकाकू!

ऐंशीच्या दशकात काकू फिरतं वाचनालय चालवायच्या. दर गुरुवारी दुपारी मासिकं घेऊन दारोदार जायच्या. प्रत्येक अंकाच्या शेवटी त्यांनी दोऱ्याने एक कोरा कागद शिवलेला असायचा. वाचलंत ना, मग दोन ओळी लिहा... नाहीतर पुढचा अंक मिळायचा नाही! खाली नाव नाही, नुसता खोली नंबर. आमचा अकरा.

आणि बायका काय लिहायच्या हो! खालच्या मजल्यावरचीचं मत वरच्या मजल्यावरची खोडून काढायची, ते तिसरीकडे पोचायचं. भांडणं व्हायची, पण कागदावर. नळावर सगळ्या पुन्हा गोड.

माझी आई घरात फारशी बोलायची नाही. आजी आणि बाबांपुढे तर नाहीच. पण दुपारची भांडी आवरली की माझ्या कंपासमधली पेन्सिल घेऊन ती स्वयंपाकघरात बसायची आणि त्या कागदावर लिहीत सुटायची. मी डोकावले की म्हणायची, “हा बायकांचा कागद आहे, पळ!”

आई जाऊन बारा वर्षं झाली. तिच्या अक्षरातलं माझ्याकडे काय आहे, तर बरण्यांवरच्या चिठ्ठ्या... ‘मेथ्या’, ‘सुंठ’. ती त्या कागदांवर काय लिहायची, हे मला कधीच कळलं नाही. त्याची हळहळ अजून जात नाही.

हे सगळं मी कमेंटमध्ये लिहिलं. डोळे भरून आलेले, त्या भरात शेवटी हात जोडलेली इमोजी टाकली... आणि घात झाला! जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो, वर जोडलेले हात... आपले लोक काय, तयारच. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, ‘ॐ शांती’. एकाने तर ‘काकू, फार लवकर गेलात’ असंही लिहिलं.

संध्याकाळी त्याच रांगेत एक कमेंट आली. ‘मी कुमुद. कळव्याला लेकीकडे असते. आत्ताच पोहे खाल्ले. श्रद्धांजल्या मागे घ्या. आणि खोली नंबर अकराच्या मुलीने मला येऊन भेटावं, तिच्या आईचे कागद माझ्याकडे आहेत.’

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच कळव्याला गेले. दारातच पाया पडले, कान पकडले. काकू हसत सुटल्या. “अगं, मेल्यावर लोक काय बोलतील ते जिवंतपणी वाचायला मिळालं! असं भाग्य कोणाचं?”

मासिकं केव्हाच रद्दीत गेलेली. पण कागद काकूंनी उसवून जपून ठेवलेले. म्हणाल्या, “बायकांनी माझ्या भरवशावर लिहिलं होतं गं, टाकू कसे?” काकूंची कमेंट वाचून संग्रहालयाने रात्रीच ते पेजवर टाकायला मागितले होते, पण काकूंनी बजावलेलं, आधी घरच्यांना विचारा. मग मला म्हणाल्या, “तुझ्या आईचं तू ठरव.”

पहिलाच कागद हातात घेतला. एका बाईने घर सोडल्याची गोष्ट असावी. वर खोली नंबर तीन, म्हणजे जोशीकाकू... ‘हिने घर सोडायला नको होतं.’ त्याखाली आईचं तिरकं, घाईतलं अक्षर... ‘सोडायलाच हवं होतं. फक्त सगळ्यांचा चहा करून नव्हे, स्वतःचा चहा निवांत पिऊन.’

माझी आई! जी आमच्या घरात कधी गरम चहा प्यायली नाही, ती... मी तिथेच ढसाढसा रडले. काकूंनी पाठीवर हात ठेवला आणि लेकीला चहा टाकायला सांगितला.

टाका म्हटलं पेजवर. आयुष्यभर गप्प बसली, आता बोलू दे तिला.

जोशीकाकूंच्या घरूनही होकार मिळाला, आणि काल तो कागद पेजवर आला. रात्री जोशीकाकूंच्या सुनेने खाली लिहिलं, ‘सासूबाईंना आता दिसत नाही, म्हणून वाचून दाखवलं. म्हणाल्या, अकराला सांग, नको म्हणजे नकोच होतं! पण चहाचं तुझं बरोबर आहे.’

आई... तुला रिप्लाय आलाय गं.