खांबापुढचा शड्डू

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. देवापुढे कितीदा उभा राहिलो, पण तिथंही हात जोडून दुसरंच काहीतरी पुटपुटत आलो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही त्याला पाहिलेलं नाही – म्हणून असेल.

ज्ञानू माझा चुलतभाऊ. लढाई संपली आणि तो पलटणीतून इस्लामपूरजवळच्या आमच्या गावी परतला, तो दोन्ही डोळे घालवून. घरचे त्याला ओट्यावर बसवून भरवायचे आणि तो चिडून ताटं भिरकावायचा. त्याला तिथून उठवलं ते आमच्या तालमीच्या वस्तादांनी. त्यांनी दारापासून हौद्यापर्यंत – म्हणजे कुस्तीच्या तांबड्या मातीपर्यंत – कमरेच्या उंचीवर अंबाडीचा दोर बांधला. हाताला एक गाठ लागली की जोर काढायची जागा, दोन लागल्या की मुद्गल फिरवायची, तीन लागल्या की हौदा. महिन्याभरात ज्ञानू एकटा यायला लागला आणि आमच्या आधी घामानं निथळायला लागला.

कुस्तीला एकच नियम केला होता. पकड सुटली की समोरच्यानं मांडीवर थाप मारून शड्डू ठोकायचा. एरवी आम्ही शड्डू ठोकतो तो मस्तीत. ज्ञानूसाठी ठोकायचा तो, मी इथं आहे, एवढं कळवायला. त्या आवाजावर विश्वास टाकून तो डोकं खाली घालून झेपावायचा – पाय धरायला.

त्यानं मला पाडलं. एकदा नाही – लागोपाठ तीन दिवस, सगळ्यांसमोर. अंगाला अंग लागलं की माझा डाव मला सुचायच्या आधी त्याला कळायचा. मग वस्ताद म्हणाले, "औंदा सांगलीच्या मैदानात ज्ञानूच उतरंल. पंचांशी मी बोलतो." त्या जागेवर मी दोन वर्षं डोळा ठेवून होतो. माझं डोकं किती फिरलं, काय सांगू? जेवताना भाकरी मोडायचो ती त्याचं मनगट म्हणून. लाज वाटायची का? नाही. उलट भाकरीला चव लागायची.

त्या सकाळी वस्ताद आणि बाकीचे नदीवर आंघोळीला गेले होते. आम्ही दोघंच झोंबत होतो. मी त्याच्या मानेवर दोन तडाखे दिले – नियमाबाहेरचे, मुठीनं. तो हसला. म्हणाला, "लय तापलायस रं, गड्या." मारायचं तर उलट मारावं, हसावं कशाला? मी पकड सोडवली. मागे सरलो, हौद्याच्या काठच्या दगडी खांबाला पाठ लावली आणि शड्डू ठोकला. चांगला खणखणीत.

पाय घसरला, असं म्हणू? दम लागला होता, म्हणू? तसं काही नव्हतं. तो झेपावला आणि मी बाजूला झालो – एकच पाऊल.

नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. कपाळ फाटलं, पुढचे दात मातीत पडले. तो गुडघ्यांवर उठला आणि तोंडातलं रक्त थुंकत दोन्ही हातांनी माती चाचपत राहिला – मला शोधत. मीही पडलो असेन, असं त्याला वाटलं असावं. मी श्वास रोखून उभा होतो. आणि मला बरं वाटत होतं. इतका वेळ घोळ घातला तो हे सांगणं टाळायला. मला बरं वाटत होतं.

वस्ताद धावत आले. मी म्हणालो, "शड्डूच्या आदीच झेपावला. दिशा चुकला." माती चाचपणारे ज्ञानूचे हात थांबले. वस्तादांनी स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. "चूक माजी हाय. आंधळ्याला मातीत उतरवाय नको हुतं," म्हणाले. त्याच दुपारी त्यांनी दोर सोडला आणि ज्ञानूला तालीम बंद केली. सांगलीला मी गेलो. जिंकलो, फेटा बांधून परत आलो.

ज्ञानू पुन्हा ओट्यावर बसला, तो आजतागायत. दंड पार वाळून गेले. गावातल्या प्रत्येकाला तो चालीवरून ओळखतो, हाक मारून चौकशी करतो. माझी पावलं वाजली की मात्र गप्प होतो. उजवा हात उचलून कपाळापुढे आडवा धरतो आणि मी पुढं निघून जाईपर्यंत तो खाली घेत नाही.