अंबडहून लावलेली गाडी

मी अंबडला आपल्या घरी दिवाणावर मांडी घालून बसलो होतो, आणि तिथून स्पेनमधल्या एका समुद्रकिनाऱ्यावर गाडी अशी काही लावली की पोलिसानं येऊन दंड केला. गाडी माझी नव्हती. जावयांनी ती नीटच लावली होती. मी फक्त फोनवर होतो. तरी दंड माझ्यामुळंच झाला यावर दोन्ही घरांचं एकमत आहे. आमच्या सोयरिकीत एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट. लग्नात जिलेबी का बुंदी, यावरसुद्धा ते झालं नव्हतं.

मुलगी आणि जावई जर्मनीत नोकरीला आहेत. त्या उन्हाळ्यात त्यांनी मोटरहोम भाड्यानं घेऊन स्पेनच्या किनाऱ्यानं फिरायचं ठरवलं. मोटरहोम म्हणजे चाकावरचं घर. आत पलंग, शेगडी, फ्रिज, इतकंच काय संडासही. चार माणसं आरामात झोपतात. मला वाटलं, आता आमचं बोलावणं येतंय. पण मुलाकडच्यांचा मान आधी, हा रिवाज जर्मनीतही लागू असतो. मुलीनं तिच्या आईला फोनवर समजावलं, "आई, यंदा ह्यांच्या आईबाबांना नेऊन बघतो. वयस्कर माणसांना गाडीत राहणं जमतं का, तेही कळेल. सगळं नीट पार पडलं तर पुढच्या वर्षी तू आणि बाबा."

त्यातलं 'सगळं नीट पार पडलं तर' हे बायकोनं ऐकलं. मी फक्त 'पुढच्या वर्षी' ऐकलं.

बायकोनं त्याच आठवड्यात मला घेऊन जालन्याला जाऊन चालायचे बूट आणले. तिनं समुद्र बघितलेला नाही. कोकणात नेतो, नेतो म्हणत मी निवृत्त झालो. आता ती साडीवर ते पांढरे बूट घालून रोज संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारू लागली. दुकानात तिनं मला विचारलं होतं, "तुमच्यासाठी बघायचे का?" मी म्हणालो, "माझे जाताना घेऊ. आत्ताच खर्च कशाला? पडून राहतील."

आता माझ्या अधिकाराबद्दल दोन शब्द सांगायला पाहिजेत, कारण सगळा घोटाळा त्यातूनच झाला. माझी नोकरी अंकुशनगरला साखर कारखान्याच्या यार्डात गेली. ऊस घेऊन येणाऱ्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रांगेत लावणं, हे माझं काम. गाळप जोरात असलं की काट्यावर नंबर लागेपर्यंत रात्र सरायची. मग लोक तिथंच मुक्काम ठोकायचे. ट्रॉली उभी केली की आधी चाकाला दगड लावायचा. मग ताडपत्री ताणायची, दोरी बांधून तिच्यावर टॉवेल टाकायचा, आणि शेवटी खाली पोतं टाकून बसायचं. कोणी रांग मोडून भलतीकडं मुक्काम मांडला की मी शिट्टी वाजवत जायचो. तो माणूस हात जोडून म्हणायचा, "साहेब, एकच रात." तेवढं ऐकलं की मी विरघळलोच. आमचे व्याही तीर्थपुरीचे. तेही तिथं ऊस घालायचे आणि 'एकच रात' म्हणण्यात सगळ्यांत पुढं असायचे. आमची ओळख त्या यार्डातली, सोयरीक नंतरची.

तर त्या दिवशी आमच्याकडं दिवेलागण झाली होती आणि तिकडं अजून टळटळीत ऊन होतं. मुलीचा फोन आला. ज्या कॅम्पसाइटवर उतरायचं होतं ती भरलेली निघाली होती. पण किनाऱ्याजवळच एक पार्किंग सापडलं होतं आणि तिथं आणखी दोन-तीन मोटरहोम उभ्या होत्या.

"बाबा, इथं गाडी उभी करता येते. आत झोपलं तरी चालतं. फक्त कॅम्पिंग करायचं नाही, असा बोर्ड आहे," ती म्हणाली.

"कॅम्पिंग म्हणजे तंबू," मी सांगितलं. "तुमच्याकडं तंबू हाय का?"

"नाही."

"मग बोर्डाचा आणि तुमचा काय संबंध?"

"तसं नाही हो बाबा, मी नंतर सांगते," असं म्हणून तिनं फोन ठेवला. ती, जावई आणि विहीणबाई समुद्रात पाय भिजवायला गेले. व्याह्यांचा पाय आदल्या दिवशी मुरगळला होता, म्हणून ते गाडीपाशी राखणीला थांबले. एकटे बसून कंटाळले आणि त्यांनी मला व्हिडिओ कॉल लावला.

"पाव्हणं, बघा आमचा बंगला," असं म्हणत त्यांनी गाडी आतून-बाहेरून दाखवली. मी बघत होतो. खरं सांगायचं तर जळत होतो. आपण यार्ड सांभाळलं, आणि मोटरहोमात बसला कोण, तर रांग मोडणारा. आपलंही त्या सहलीत काहीतरी असावं असं मला फार वाटलं.

"जमीन कशी हाय तिथली?" मी विचारलं.

"जराशीक उताराची हाय. चहाचा कप सरकून राह्यला."

"आणि चाकाला दगड?"

"न्हाई लावला. पोरगा म्हणला, ब्रेक हाय."

"ब्रेकच्या भरवशावर गाडी सोडली तुम्ही? इतकी वर्षं यार्डात काय शिकवलं मी?"

व्याही हसले. "बराबर हाय. दगड लावल्याबिगर खाली उतरू द्यायचे न्हाई तुम्ही." आणि ते फोन हातात धरून लंगडत दगड शोधायला निघाले. किनाऱ्यावर दगडांना काय तोटा? एक गोटा मी नापास केला, फार गुळगुळीत होता. शेवटी दोन चांगले बैठे दगड मिळाले आणि ते मागच्या चाकांना लागले. मला फार बरं वाटलं, अंबडला बसून मी स्पेनची गाडी थांबवली!

तेवढ्यावर थांबायला पाहिजे होतं. पण माझ्या नजरेला गाडीच्या वरच्या कडेला गुंडाळलेलं कापड दिसलं.

"ते काय हाय?"

"मांडव हाय म्हणं. दांडी फिरवली की बाहेर येतो."

"मंग फिरवा की. उन्हात बसून राह्यले व्हय? तिघं भिजून येतील, सावली नको?"

मांडव निघाला. सावली झाली, मग टेबल आलं. टेबलाला खुर्च्या लागतात, म्हणून चार खुर्च्या बाहेर आल्या. गाडीच्या आरशापासून शेजारच्या खांबापर्यंत मी त्यांच्याकडून दोरी बांधवून घेतली. तिच्यावर त्यांनी आपलं धोतर आणि दोन टॉवेल टाकले. वाऱ्यावर धोतर फडफडू लागलं तेव्हा व्याही मागं सरकून म्हणाले, "आता कसं घर वाटून राह्यलं!"

मी बायकोला हाक मारली. ती गच्चीवरून बुटांसकट खाली आली आणि माझ्या खांद्यावरून फोनमध्ये बघू लागली.

"बघ, सगळं माझ्या सांगण्यावरून लावलंय."

तिनं बराच वेळ बघितलं. "अहो, बाकीच्या गाड्यांनी काहीच कसं बाहेर काढलं न्हाई?"

"त्यांना सवय न्हाई," मी म्हणालो.

तेवढ्यात व्याही म्हणाले, "पाव्हणं, कोणी सायकलवाला आलाय."

"राम राम घाला."

त्यांनी घातला. सायकलवाला अर्ध्या चड्डीत होता, पण त्याच्या छातीवर बिल्ला होता आणि कमरेला बरंच काही लटकत होतं. तो पोलीस निघाला. त्यानं मांडवाकडं बोट केलं, हातानं दांडी फिरवल्यासारखं केलं, खुर्च्या आत, असं दाखवलं, मग वाकून दगडांकडं बघत मान हलवली. चिडलेला बिलकुल नव्हता. शाळेतले मास्तर बाकावरचं दप्तर खाली ठेव म्हणतात ना, तितकंच.

"हा नुसता हात फिरवून राह्यला. काय म्हणतो कळंना," व्याही म्हणाले.

"फोन त्याच्या हातात द्या. मी बोलतो."

आपल्याकडं ही पद्धतच आहे. गाडी अडवली की माणूस कागद काढत नाही, फोन काढतो. कुणाला तरी लावतो आणि साहेबापुढं धरतो, "जरा बोला." मी स्वतः यार्डात असे कितीतरी फोन कानाला लावलेत. आता पहिल्यांदाच मी पलीकडचा माणूस झालो होतो. पोलिसानं गोंधळून फोन घेतला. त्याला पडद्यावर बनियनमधला मी दिसलो असणार, आणि माझ्या खांद्यावरून डोकावणारी बायको.

"गुड इव्हनिंग सर," मी म्हणालो. "आय अ‍ॅम ऑल्सो पार्किंग लाइन. रिटायर्ड. इंडिया."

तो सावकाश इंग्रजीत म्हणाला, "कॅम्पिंग, नो. प्लीज, एव्हरीथिंग इनसाइड. देन ओके."

आता इथं 'येस सर, सॉरी सर' एवढं म्हटलं असतं तर ही गोष्ट सांगायला उरलीच नसती. व्याह्यांनी खुर्च्या आत नेल्या असत्या, दगड लाथेनं सरकवले असते आणि तो सायकलवर टांग टाकून गेला असता. पण मला आठवलं, की अशा वेळी मी स्वतः कशानं विरघळायचो.

"सर," मी हात जोडले, "ओन्ली वन नाईट."

तो थांबला. "वन नाईट? हिअर? लाइक धिस?"

मला वाटलं, विरघळून राह्यला. आता सोडायचं नाही. "येस सर! फुल नाईट! टुमारो मॉर्निंग टी, बाथ, देन गो!"

"हू सेड ओके?"

"माय गायडन्स, सर," मी छातीवर हात ठेवून सांगितलं.

त्यानं फोन अदबीनं व्याह्यांना परत दिला. व्याह्यांनी तो टेबलावर उताणा ठेवला. मग मला फक्त मांडवाची कड आणि निळं आभाळ दिसत राहिलं. कागद फाडल्याचा आवाज आला. त्यानंतर वाळूत धावत येणारी पावलं, आणि लांबून मुलीचा आवाज, "हे काय काढलंय सगळं? कोणी सांगितलं?"

आभाळासमोर व्याह्यांचं बोट आलं. ते फोनकडं होतं.

मुलीनं दुसऱ्या दिवशी मला सगळा नियम समजावला. गाडीच्या आत तुम्ही झोपा, जेवा, भजन करा, गाडी नुसती उभी आहे असंच धरतात. पण गाडीनं जमिनीला फक्त आपले टायर टेकवायचे. मांडव, खुर्ची, दोरी, काहीही बाहेर आलं की ते कॅम्पिंग. आणि चाकाला दगड लावला म्हणजे मुक्काम मांडल्याची उघड खूणच.

"बाबा, तो पोलीस नुसतं आवरा म्हणत होता. आणि तुम्ही त्याला रात्रभराचा कार्यक्रम सांगितला."

"जावई काय म्हणाले?"

"त्यांनी आवरायला घेतलं."

जावई ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मांडव गुंडाळला, दोरी सोडली आणि गाडी आतल्या बाजूच्या एका गावात नेली. विहीणबाईंना पलंगावर पडल्या पडल्या खिडकीतून समुद्रावरची सकाळ बघायची होती. त्यांना खिडकीतून एका गोदामाची भिंत दिसली.

बायकोनं बूट काढून ओल्या फडक्यानं पुसले आणि परत खोक्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर कोणी फिरलं नाही. 'सगळं नीट पार पडलं तर' हे वाक्य मला तेव्हा नीट ऐकू आलं. म्हणालो, "पोरगी आहे आपली, विसरेल." तिनं भाजी निवडणं थांबवलं नाही.

पुढं व्याही-विहीण परत आले आणि एका रविवारी भेटायला अंबडला आले. आमची गल्ली उताराची. व्याह्यांनी जीप उभी केली, उतरले, इकडंतिकडं दगड शोधला, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी दगड लावलाच.

चहा झाला. चॉकलेटं निघाली. आम्ही दोघं व्याही पावसापाण्याचं आणि सोयाबीनचं बोलत राहिलो, स्पेनच्या वाटेला कोणी जाईना. शेवटी विहीणबाईंनीच काढलं. "पोरांनी पुढच्या वर्षीचं ठरवलंय. परत तीच गाडी, तोच समुद्र."

मी सावरून बसलो. "वा! म्हणजे आता आमचा नंबर."

"व्हय," विहीणबाई माझ्या बायकोकडं बोट करून म्हणाल्या. "ह्यांचा आणि माझा. आम्ही दोघी विहिणी जाणार. माझी सकाळ राह्यली ना बघायची. चारच पलंग हायेत, बसतं बराबर."

"आणि आम्ही दोघं?"

"तुमचं मंग बघू, असं म्हणली सूनबाई."

मी व्याह्यांकडं बघितलं. ते चॉकलेटाचा कागद घड्या घालून लहान लहान करत होते. त्यांना हे तीर्थपुरीलाच कळलं असणार. मी बायकोकडं वळलो, वाटलं, निदान ती तरी म्हणेल, ह्यांच्याशिवाय मी कशी जाऊ. ती जागेवर नव्हती. आतून खोक्याचा आवाज आला आणि ती पांढरे बूट घालून, नाड्या बांधून बाहेर आली. दोन पावलं चालून बघितली. मग माझ्या पायांकडं बघून म्हणाली,

"बरं झालं बाई, तुमच्यासाठी घेतले न्हाईत. पडूनच राह्यले असते."